पोलिओ गेला, आईची विचारपूस राहिली

पश्चिम बंगालमधल्या हावड्यातल्या पांचला भागातल्या लहानग्या मुलीला १३ जानेवारी २०११ला पोलिओ झाला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला तो शेवटचा रुग्ण. पोलिओ संपवल्याचा अभिमान मलाही आहे, पण त्या यशात आयांच्या वाट्याला जी बोलणी आली ती विसरता येत नाहीत.

१९७८चा विस्तारित लसीकरण कार्यक्रम, १९८५चा सार्वत्रिक, हे टप्पे पुस्तकांत सापडतील. मी पाहिलं ते २०११पर्यंतचं दशक. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. कोलकात्यातल्या मटियाबुर्ज, राजाबाजारच्या गल्ल्यांत लसीचा डबा खांद्याला, बाळाच्या करंगळीवर मार्करची खूण, दारावर खडूनं ‘पी’ किंवा ‘एक्स’. ‘एक्स’ म्हणजे राहिलेलं घर. त्या घरांतल्या बायकांना अडाणी, हेकट ठरवून बाबूलोक मोकळे झाले. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. थेंब घेऊन पुन्हापुन्हा दार वाजवणाऱ्यांनी त्या घरातल्या बाईला दिवस गेले तेव्हा रक्त तपासायला, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला कोणाला पाठवलं होतं? जिथे आरोग्यसेविका गरोदरपणीच येऊन गेलेली असे, तिथे दार पहिल्या हाकेला उघडायचं.

पुढे चित्र पालटलं. २००५-०६मध्ये पश्चिम बंगालात शंभरातली ४२ बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१मध्ये जवळजवळ ९२. पूर्ण लसीकरण ६४ टक्क्यांवरून ८८च्या घरात गेलं. पण नुसती खाट मिळाल्यानं लस मिळते असं नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१च्याच सरकारी पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ९५ टक्के आणि पूर्ण लसीकरण मात्र ७४च्या आसपास!

इथे कोलकात्यात सोनं-चांदी गाळणाऱ्या आमच्या मराठी गलाईवाल्यांच्या सुना सातव्या महिन्यात सांगलीकडे विट्याला, आटपाडीला माहेरी जातात. तपासण्या इथे, बाळंतपण तिथे, दीड महिन्याची लस तिथे, अडीचची इथे. परत आल्यावर विचारतात, “काका, पेंटा लसीचा दुसरा डोस झाला म्हणायचा का तिसरा?” जाण्याआधी कोणी तिच्याजवळ बसून कार्डावर पुढच्या तारखा घातलेल्या नसतात.

आणि आता बाळंतिणीला घरी सोडण्याची घाई. क्षयावरच्या बीसीजी लसीची कुपी दहा बाळांची, एकदा कालवली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. म्हणून बाळ न टोचताच घरी जातं आणि आईला सांगतात, “मंगळवारी या.” टाके ओले, घरात दुसरं मूल, ती कुठून येणार मंगळवारी? महिन्यानं आली तर ‘हलगर्जी आई’ म्हणून तिलाच सुनावतात. उरलेल्या नऊ मात्रा वाया गेल्या तर जाऊ द्या. एका बाळासाठी कुपी फोडायला हात का अडतो, याचं उत्तर प्रसूतिगृहांनी द्यावं, तिनं नव्हे.