यमदीप दक्षिणेला, वाट उत्तरेला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो. घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये, एवढंच यमाकडे मागणं. त्याच सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यातून तरुणांचे जथे उत्तरेला, सातपुड्याकडे तोंड करून निघतात. ज्याच्या भेटीला ते चाललेले असतात त्याचं दुःख नेमकं उलटं आहे. त्याला मरणच येत नाही. अस्तंब्याच्या शिखरावरचा अश्वत्थामा हा या यात्रेचा देव, आणि खानदेशासह गुजरात-मध्य प्रदेशातूनही माणसं ऐन दिवाळीत घर सोडून त्याच्याकडे येतात.

नर्मदा आणि तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मधे सातपुडा उभा आहे. दोन्हीकडची जमीन खचली आणि मधला पट्टा उंच राहिला, अशी त्याची घडण. त्याचं सर्वोच्च शिखर धूपगड पचमढीला, १३५० मीटरच्या आसपास. अस्तंबा सुमारे १३२५ मीटर. म्हणजे फार मागे नाही. तरी सह्याद्रीतला कुठलाही आडवळणाचा सुळका ज्यांना तोंडपाठ असतो, अशा आपल्या गिर्यारोहकांपैकी किती जणांनी अस्तंब्याजवळचं धडगाव पाहिलं आहे? नंदुरबार हा धुळ्यापासून १९९८ साली वेगळा काढलेला जिल्हा. बातम्यांत तो येतो कुपोषणापुरता किंवा निवडणुकीपुरता.

तळोद्याकडून चढणारी जुनी पायवाट कोठार, देवनदी, नकट्या देव, जुना अस्तंबा, भीमकुंड असे टप्पे घेत जाते. चढ एकसारखा नाही. एक धार चढून जावं तर पुढे दरी उतरायची, आणि उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं. सह्याद्रीत कातळ पायाखाली पक्का असतो. इथे वाळलेल्या गवतावरून आणि मुरमावरून पाय सटकतो. साग, सालई, अंजन, धावडा, मोह असं पानगळीचं जंगल. दिवाळीत अजून पानं असतात, गवत कमरेइतकं असतं. उतारांवर शेतं, एकमेकांपासून लांब लांब असलेली कुडाची घरं. गाव म्हणजे घरांची दाटी, ही आपली कल्पना इथे चालत नाही. एका गावाचे पाडे तीन टेकड्यांवर पसरलेले असतात. आणि यात्रेकरू चालतात ते बरेचसे रात्री. अमावास्या दोन दिवसांवर असते, चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. दऱ्यांतून दिसते ती पुढच्या-मागच्यांच्या बॅटऱ्यांची रांग.

हे रात्रीचं चालणं मला फार अर्थपूर्ण वाटतं, कारण अश्वत्थाम्याचा गुन्हाही रात्रीचाच. महाभारताच्या सौप्तिकपर्वात तो, कृप आणि कृतवर्मा एका वडाखाली थांबलेले असतात. झाडावर कावळे झोपलेले. एक घुबड येतं आणि झोपेतच त्यांचा फडशा पाडतं. ते पाहून अश्वत्थाम्याला कल्पना सुचते. तो पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्या पांचालांना, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. पुढे कृष्णाचा शाप: तीन हजार वर्षं, रक्तापुवाच्या दुर्गंधीसह, निर्जन रानात, कुणाच्या सोबतीविना भटकशील.

महाभारतातली शिक्षा एवढीच आहे. लोककथेने तिच्यात जी भर घातली ती पाहण्यासारखी आहे. कपाळीचा मणी गेल्यावर राहिलेली जखम भरत नाही, म्हणून तो वाटसरूंकडे तेल मागतो. हे तेल महाभारतात नाही. वाट चुकलेल्याला तो रस्ता दाखवतो, हेही नाही. ग्रंथाने ज्याला सोबत नाकारली, त्याला डोंगराने वाटाड्याचं काम दिलं. झोपलेल्यांना मारणाऱ्याला भेटायला आता शेकडो माणसं रात्रभर जागी राहून येतात. गुन्हा माफ झाला असं कुणी म्हणत नाही. शाप तसाच आहे, जखम तशीच आहे. पण शापित माणसाचाही काही उपयोग असतो, असा या लोकांचा व्यवहारी न्याय असावा. मला तो कृष्णाच्या न्यायापेक्षा अधिक पटतो.

हा अश्वत्थामा अस्तंब्यापुरता नाही. पूर्वेला बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरच्या महादेवाला पहाटे कुणाच्याही आधी फूल वाहिलेलं असतं आणि ते त्याचंच, असं सांगतात. नर्मदा परिक्रमेत शूलपाणीच्या झाडीतून गेलेल्यांच्या आठवणींतही तो वारंवार भेटतो. अलीकडे मोबाइलवर त्याच्या 'दर्शना'चे व्हिडिओ फिरतात. ते सोडून द्यावेत.

घुबडाचं मात्र सोडता येत नाही. या डोंगराच्या पायथ्याशी खरोखरच एक घुबड हरवलं आणि सापडलं. रानपिंगळा १८७२ साली मध्य भारतात पहिल्यांदा मिळाला, पुढच्या वर्षी पक्षीअभ्यासक ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसनने तळोदा-शहादा भागातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर काही नाही. सलीम अलींसारख्यांनी शोधूनही तो मिळाला नाही. याला एक कारण लबाडीचं होतं. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षीसंग्राहकाने १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला आपल्याला रानपिंगळा मिळाल्याचं दाखवलं होतं. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरलेला डेव्हिडसनचाच नमुना निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नोंदीवर विसंबायचं नाकारलं, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा दिसला. सकाळी, उघड्या फांदीवर. कारण हे घुबड बरंचसं दिवसाच वावरतं. सौप्तिकातल्या घुबडाने रात्रीची वेळ साधली. सातपुड्यातलं हे घुबड उजेडात शिकार करतं. आणि ११३ वर्षं ते हरवलं होतं ते कागदावर, रानात नव्हे.

कागदावरच्या नोंदींची ही सवय आपल्याला लोककथांच्या बाबतीतही आहे. सातपुडा म्हटलं की मैदानातला माणूस आधी महाभारत शोधतो, फार तर तोरणमाळला जाऊन मच्छिंद्रनाथांची गुहा, गोरखनाथांचं मंदिर, यशवंत तलाव आणि सीताखाई पाहतो. पण इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांच्या मनातला डोंगर वेगळाच आहे. त्याच्या मध्यभागी आहे याहामोगी, धान्याची आई. दुष्काळात माणसं अन्नाला महाग झाली तेव्हा तिने धान्य पुरवलं. राजा पांठा, विना ठाकोर यांच्या गाथा तिच्याभोवती गुंफलेल्या, आणि या सगळ्याचं मूळ ठिकाण म्हणजे अक्कलकुव्यातलं डाब. गुजरातेत सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा इथे महाशिवरात्रीला तिची मोठी जत्रा भरते. बांबूच्या नव्या टोपल्यांतून धान्य घेऊन लोक येतात. या देवीकथेत युद्ध मध्यभागी नाही, भूक आहे. भगर आणि ज्वारीवर जगणाऱ्या, मोहाच्या हंगामाची वाट पाहणाऱ्या डोंगरात तेच स्वाभाविक आहे. अश्वत्थामा इथे पाहुणा आहे, यजमानीण याहामोगी.

होळीला काठी गावची राजवाडी होळी पाहायला हल्ली शहरांतून गाड्या येतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधीभोपळे बांधलेले बुध्या रात्रभर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. त्याआधी कित्येक दिवस त्यांनी पालनी पाळलेली असते: अनवाणी राहायचं, खाटेवर झोपायचं नाही. त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरणाऱ्यांना याची कल्पना नसते.

याच डोंगराच्या उत्तर उतारावरची, नर्मदाकाठची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. मणिबेली हे त्यांतलं पहिलं. या गावांतली बरीच माणसं तळोदा-शहादा भागात, सपाटीवर वसवली गेली. देव हलवता येतो, पण ज्या टेकडीवर त्याची गोष्ट घडली ती टेकडी हलवता येत नाही. अहवालांत या नुकसानीला रकाना नसतो.

जाणार असाल तर पाऊस संपल्यावर, नाताळाच्या आधी जा. उन्हाळ्यात पाण्याचे झरे आटतात आणि उघडे उतार भाजून काढतात. वाटाड्या स्थानिकच घ्या आणि त्याला त्याची मजुरी न घासता द्या. धडगावचं आमचूर, मोलगीची भगर तिथल्या बाजारातच विकत घ्या. गावात शिरण्याआधी कुणाला तरी विचारा, आणि गप्पा सुरू झाल्या तर अश्वत्थाम्याआधी याहामोगीची गोष्ट मागा. यात्रेला गेलात तर पायी चढा किंवा बसने या. २०२५ च्या धनत्रयोदशीला अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची पिकअप चांदशैली घाटात दरीत कोसळली आणि त्यात तरुण मुलं गेली. त्या घाटात खच्चून भरलेल्या मालवाहू गाडीच्या हौद्यात बसू नका, आणि आपल्या पोरांनाही बसू देऊ नका.