विश्लेषण : समतोल अंदाजपत्रकाची सक्ती कितपत टिकते?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ते थेट राज्यघटनेत लिहून घेतले, तेही मतदारांकडून. २ मार्च २००४ रोजी झालेल्या मतदानात ‘प्रपोझिशन ५८’ हा प्रस्ताव सुमारे ७१ टक्के मतांनी संमत झाला. पाचच वर्षांनी त्याच राज्यावर लोकांचे देणे रोखीऐवजी हमीपत्रांनी भागवण्याची वेळ आली.

मतदानाची वेळ का आली?

कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर मोठ्या प्रमाणात धनिकांच्या कमाईवर आणि शेअर बाजारातील नफ्यावर अवलंबून असतो. २००० नंतर इंटरनेट कंपन्यांचे समभाग कोसळले आणि हा ओघ आटला. वाढलेला खर्च मात्र कायम राहिला. ऑक्टोबर २००३ मध्ये मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना परत बोलावून अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना निवडले. त्यानंतर दोन प्रस्ताव जोडीने जनतेपुढे आले. जुनी तूट भरून काढण्यासाठी १५ अब्ज डॉलरपर्यंतचे रोखे काढण्यास ‘५७’ने परवानगी मागितली, यापुढे तुटीसाठी असे दीर्घ मुदतीचे कर्ज काढण्यास ‘५८’ने मनाई केली. एक फेटाळला गेला असता, तर दुसराही लागू झाला नसता.

तरतूद काय आहे?

गव्हर्नरांनी समतोल अंदाजपत्रक मांडावे, हा नियम आधीपासून होता. विधिमंडळाने संमत केलेले अंदाजपत्रकही समतोल असावे, हे बंधन ‘५८’ने घातले. वर्षाच्या मध्यात महसूल घटल्यास गव्हर्नर वित्तीय आणीबाणी जाहीर करू शकतात. त्यानंतर ४५ दिवसांत विधिमंडळाने उपाय संमत केले नाहीत, तर त्याला अन्य विधेयके हाती घेता येत नाहीत आणि कामकाजही तहकूब करता येत नाही. याखेरीज दरवर्षी राखीव निधीत भर घालण्याची तरतूद झाली. मात्र आदेश काढून ती थांबवण्याची मुभा गव्हर्नरांना होती. ही पळवाट २०१४च्या ‘प्रपोझिशन २’ने अरुंद केली.

मग २००९ मध्ये काय झाले?

‘अंदाजपत्रक’ या शब्दातच उत्तर आहे. कायद्याची कसोटी संमतीच्या दिवशीच्या अंदाजाला लागते, वर्षअखेरच्या हिशेबाला नव्हे. २००८च्या मंदीत अंदाज ढासळले. जुलै २००९ पासून सुमारे २.६ अब्ज डॉलरची हमीपत्रे काढावी लागली. कराचा परतावा मिळायचा असलेले नागरिक आणि राज्याला माल पुरवणारे व्यावसायिक यांच्या हाती ती पडली. सरकारी कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले. पुढे ३० जून २०१० रोजीचा पगार १ जुलैवर, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात ढकलून जमाखर्चाचा मेळ घालण्यात आला. कागदावर समतोल साधला. भार कोणी सोसावा, हे मात्र मतपत्रिकेवर कधीच विचारले गेले नव्हते.

गोव्यासाठी बोध कोणता?

आपल्या राज्यघटनेत अर्थसंकल्पावर असे मतदान घेण्याची सोय नाही. गोमंतकीयांनी १९६७ मध्ये दिलेला कौल राजकीय भवितव्याविषयी होता. आपल्याकडे लगाम आहे तो गोवा वित्तीय जबाबदारी व अर्थसंकल्प व्यवस्थापन कायद्याचा. २००६च्या या कायद्यात तुटीला सकल राज्य उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. शिवाय केंद्राचे कर्ज शिल्लक असेपर्यंत राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद २९३नुसार केंद्राची संमती लागते.

महसूल अचानक आटण्याचा अनुभव गोव्यालाही आहे. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा त्यांवर विसंबलेले ट्रकमालक, बार्जवाले आणि कामगार यांच्याबरोबरच राज्याच्या तिजोरीलाही झळ बसली. म्हणूनच अर्थसंकल्प ‘शिलकी’ असल्याचे जाहीर होते, तेव्हा तेवढ्यावर समाधान मानू नये. मागील वर्षाचे सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे अर्थसंकल्पाच्याच कागदपत्रांत शेजारी शेजारी छापलेले असतात. जाहीर केलेली शिल्लक हिशेबात उतरली की नाही, हे त्या रकान्यांत दिसते.