ससा, डुक्कर आणि पंचनामा

तासगाव तालुक्यात वाघ नाही. त्यामुळे इथली शिकार पहिल्या पानावर जात नाही. गेलीच तर जिल्हा पुरवणीच्या कोपऱ्यात, 'ससे पकडणारे ताब्यात' एवढ्या चार ओळींत. पण शिकारी आणि वनखातं यांची खरी गाठ पडते ती अशाच बिनवाघाच्या मुलखात. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात शिरणाऱ्या माणसाला आपण गुन्हा करतोय हे ठाऊक असतं. माळावर रात्री बॅटऱ्या घेऊन निघालेल्या पोरांना मात्र आपण कुणाचं काही घेतोय असं वाटतच नाही. वनरक्षकानं अडवल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, ससाच तर हाय!"

हा मुलूख कसा आहे ते आधी सांगायला हवं. पश्चिमेला येरळेकाठची काळी जमीन आणि ऊस, पूर्वेला अग्रणीचं खोरं, सावळज-डोंगरसोनीकडचे उघडे डोंगर आणि माळ. दक्षिणेला मिरज आणि कवठेमहांकाळच्या सीमेवर दंडोबाचं वन, वायव्येला सागरेश्वर. म्हैसाळ, टेंभू, विसापूर-पुणदी या योजनांचं पाणी आलं तसं कुसळाच्या माळावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले, शेततळी झाली, तारेची कुंपणं आली. लांडगा, खोकड, तरस, ससा, तितर, लावा ही सगळी माळाची प्रजा. माळ पायाखालून निघून गेला आणि ती उरल्यासुरल्या ओघळींत, बांधांत आणि गायरानांत अडकली. रानडुकराचं उलट झालं. त्याला ऊस आणि मका म्हणजे बारमाही घर आणि बारमाही जेवण. गावात एकाच तोंडानं 'जनावर राहिलं नाही' आणि 'जनावरांनी वैताग आणलाय' असं ऐकू येतं, आणि दोन्ही खरं असतं.

"आमच्या आज्याकडं परवाना होता," हेही हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. तासगाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं. पुढं दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या काळात शिकार हा परवान्याचा मामला होता. १९१२ चा इंग्रजी कायदा, मग मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा, दोन्हींचा रोख शिकारीला वेळापत्रक लावण्यावर होता, ती बंद करण्यावर नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही त्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होतीच. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीनं. म्हणजे आज साठीत असलेल्या माणसाच्या तरुणपणी जे रीतसर होतं, ते त्याच्या नातवासाठी तुरुंगाची वाट आहे. ही फार जुनी गोष्ट नाही, आणि सरकारनं ती गावाला कधी नीट बसून सांगितलीही नाही. एक फलक लावला, संपलं.

माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर याच मधल्या काळातले. त्यांनी बंदूक घेऊन रान तुडवलं, शिकारीवर लिहिलं, आणि पुढं जनावराकडं नुसतं बघत बसण्याकडं वळले. 'सत्तांतर' त्या बघण्यातून आलं. मराठी वाचकाला हा प्रवास ठाऊक आहे. गावातल्या शिकाऱ्यानं मात्र तो करावा कसा, हे कुणी दाखवलं नाही.

कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे, आणि बहुतेक जण तिथंच फसतात. मारणं म्हणजे शिकार हे सगळ्यांना कळतं. पण पकडणं, फास लावणं, जाळं टाकणं, हाका घालणं, कुत्री मागं सोडून पळवणं, आमिष लावणं, पक्ष्याचं घरटं विस्कटणं किंवा अंडी काढणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं कायद्याला शिकारच वाटतं. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दुरुस्तीनं अनुसूची सहाच्या चार झाल्या. मोर, लांडगा, घोरपड, खवले मांजर पहिल्या अनुसूचीत. तिथं किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत. तिथं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदावर हे कडक आहे. रानात ते राबवायचं कुणी? वनरक्षकानं. एक बीट, त्यात कित्येक गावांचं विखुरलेलं वन, एक मोटारसायकल आणि हातात काठी. वर वनपाल, त्याच्यावर वनक्षेत्रपाल, पण रात्री दोन वाजता माळावर असतो तो वनरक्षक आणि फार तर सोबत एखादा वनमजूर. काझीरंग्यात रक्षकाच्या खांद्यावर रायफल असते आणि आसाम सरकारनं २०१० मध्ये त्याला कर्तव्यावरच्या गोळीबाराबद्दल कायद्याचं संरक्षणही दिलं. इकडचा वनरक्षक पाच-सहा जणांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ फक्त ओळख असते. आणि ओळख दोन्हीकडून असते. तो त्यांना ओळखतो, ते त्याच्या साहेबाला ओळखतात, आणि त्यांच्यातल्या एकाचा चुलता पंचायतीत असतो. पंचनामा सुरू होण्याआधी फोन सुरू होतात. "पोरं हायेत, सोडा की," या चार शब्दांनी जेवढी प्रकरणं संपली असतील तेवढी कोर्टात संपली नसावीत. सातारा तालुक्यात पळसवडे इथं जानेवारी २०२२ मध्ये गर्भवती महिला वनरक्षकाला मारहाण झाली, तिचं चित्रीकरण राज्यभर फिरलं. तो वाद शिकारीचा नव्हता, मजुरांच्या कामाचा होता. पण गावातल्या सत्तेसमोर खाकीतली एकटी बाई किंवा एकटा गडी कुठं उभा असतो, हे त्यातून दिसलं.

आता शिकारी. कायदा त्यांना एकाच मापानं मोजतो. रानात मात्र ते निरनिराळे आहेत. पहिला हौशी. त्याला मांसाची गरज नाही, तासगावात मटणाला तोटा नाही. त्याच्याकडं जीप आहे, झगझगीत दिवे आहेत, आणि बहुधा कारवानी किंवा मुधोळ कुत्रं आहे. ही कुत्री मुळातच सशामागं धावण्यासाठी घडवलेली. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी त्यांना नाव मिळवून दिलं, इंग्लंडच्या राजाला भेट दिली. कुत्रं पाळणं हा गुन्हा नाही, त्याचा अभिमान बाळगणंही नाही. पण माळावर सशामागं सोडलं की तीच शिकार. हा हौशी गडी सापडतो कसा, तर स्वतःच्याच हातानं. मेलेल्या सशांचे कान धरून काढलेला फोटो स्टेटसला जातो, गाणं लावून रील होतं, आणि कुणीतरी ते मानद वन्यजीव रक्षकाला नाहीतर वनखात्याला पाठवतं. वनखात्याला मोबाइलनं जेवढी मदत केली तेवढी कुठल्याच शासन निर्णयानं केली नाही. मार्च २०२२ मध्ये चांदोलीच्या गोठणे भागात कॅमेरा ट्रॅपमध्ये शिकारीला आलेली माणसं टिपली गेली. संशयित पकडल्यावर त्यांच्या फोनमधून घोरपडीवरच्या अत्याचाराचं जे चित्रीकरण निघालं, त्यानं देश हादरला. गुन्हेगारच आपला पुरावा तयार करून खिशात ठेवतो, असा हा काळ आहे.

दुसरा शेतकरी. मक्याचं उभं रान डुकरांनी एका रात्रीत लोळवल्यावर त्याला अनुसूची सांगायला जाणारा माणूस धाडसी म्हणायचा. तो तारेत करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, शेजाऱ्याची म्हैस मरते आणि कधी पाणी पाजायला आलेला माणूस मरतो. कुणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालतो. तो कोण चावेल यावर कुणाचा ताबा नसतो. मे २०२० मध्ये केरळात पालक्काडला गाभण हत्तीण अशाच स्फोटकानं जबडा फुटून मेली तेव्हा सगळे हळहळले. आपल्या शिवारात त्याच पद्धतीनं कुत्री आणि गुरं मरतात, ती बातमी होत नाही. कायद्यात या शेतकऱ्याला वाट आहे. कलम ११ खाली पिकाला धोकादायक झालेलं जनावर मारायची लेखी परवानगी देता येते, आणि २०१५ मध्ये राज्यानं रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हा अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला. पण परवानगी मिळाली तरी मारायचं कशानं? पीकसंरक्षणाची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि आपल्याकडं निवडणुका काही कमी नाहीत. सागरेश्वरसारख्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत शस्त्राची वेगळी नोंदही लागते. शेतकऱ्याला तार सोपी वाटते ती इथं.

सागरेश्वरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर झाडं वाढवून घेतली आणि १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. माणसानं हातानं उभं केलेलं रान म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण कुंपणाबाहेर येणारी हरणं ज्यांच्या पिकात उतरतात त्यांच्या भरपाईचा कागद त्या कौतुकाच्या वेगानं हलत नाही. शिकारीविरुद्धची लढाई तिथंही हरता येते.

तिसरा बाजाराचा माणूस. हा सशाकडं बघतही नाही. त्याला मांडूळ हवं असतं, कारण ते गुप्तधन शोधून देतं अशा समजुतीनं वजनावर त्याची बोली लागते. त्याला खवले मांजराचे खवले हवे असतात. घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय वाळवून 'हाथाजोडी' नावाची मुळी म्हणून विकलं जातं. २०१७ मध्ये ही फसवणूक उघड झाली तेव्हा देवघरात ती पूजणाऱ्यांना ती कशाची आहे हे प्रथमच कळलं. या माणसाला पकडायला बनावट गिऱ्हाईक पाठवावं लागतं, फोनचे तपशील काढावे लागतात, पोलिसांची साथ लागते. २०१३ मध्ये वाघांच्या शिकारीनंतर मेळघाटात वनखात्यानं असा स्वतंत्र कक्ष उभारला आणि टोळ्यांना शिक्षा होईपर्यंत पाठपुरावा केला. वाघ नसलेल्या जिल्ह्यांना तसं काही मिळालेलं नाही.

पकडण्याच्या थरारावर आपण फार लिहितो. खटला जिंकला किंवा हरला जातो तो पंचनाम्यात. वनरक्षकाला अडवायचा, झडती घ्यायचा, जप्त करायचा, अटक करायचा अधिकार कलम ५० देतं. पण पुरावा म्हणून कोर्टात टिकेल असा जबाब नोंदवायचा तर सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लागतो, आणि तो आरोपीसमोर घ्यावा लागतो. कोर्ट दखल घेतं ते अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. पंच फुटतात, कारण त्यांना त्याच गावात राहायचं असतं. जप्त मांस कशाचं हे ठरवायला नमुना हैदराबादच्या सीसीएमबीच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पाठवावा लागतो. तिथं डीएनएवरून प्राण्याची जात सांगता येते. मात्र नमुना नीट सीलबंद झाला असेल तर. रात्री तीनला बॅटरीच्या उजेडात, फोनच्या माऱ्यात, तो कितपत नीट होत असेल याचा अंदाज वाचकानं करावा. गाडीची भीती मात्र सगळ्यांना असते. तुरुंगापेक्षा जीप जाईल याचा धसका मोठा. पण सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की गुन्हा सिद्ध होईपर्यंत जप्त वाहन सरकारचं होत नाही, आणि तोवर कोर्ट ते मालकाला परत देऊ शकतं. हौशी माणसाचा वकील हे पहिल्याच तारखेला मांडतो. शिवाय लहान गुन्ह्यात रक्कम भरून तडजोड करायची सोय कलम ५४ मध्ये आहेच.

फासेपारध्याकडं वकीलही नसतो आणि रक्कमही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ज्या फासेपारध्यांना आसरा आणि काम दिलं, त्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याची चौकट जन्मजात गुन्हेगार ठरवत होती. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये गेला. त्याच कोल्हापूरच्या चित्तेखान्यात आफ्रिकेतून चित्ते आणून काळविटांमागं सोडले जात, आणि तो राजेशाही खेळ म्हणून मिरवला जाई. तितरासाठी फास लावणारा मात्र तेव्हाही चोर होता आणि आजही आहे. पारध्यानं मोर मारला तर त्याला सोडा, असं मी म्हणत नाही. पण पालावरची झडती सोपी आणि फार्महाऊसवरची अवघड, हे वनखात्यातली प्रामाणिक माणसंही मान्य करतील. अकोला-वाशिमकडं संवेदना ही संस्था फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोराची गवताळ रानं राखते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, आणि नवेगाव बांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जुन्या जाणत्यांकडून रान शिकले. ज्याला जनावराची वाट ठाऊक आहे त्याला राखणीला घेणं हा शहाणपणा विदर्भात सुचला. माणदेश आणि येरळेकाठ अजून वाट बघतोय.

संवाद होऊ शकतो याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी नाग पकडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत शिकारच. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली, गावानं वर्षानुवर्षं राग धरला, वनखात्यानं नागपंचमीला पहारे बसवले. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २१ जणांना अभ्यास आणि प्रबोधनापुरती, खेळ आणि मिरवणूक वगळून, नाग पकडण्याची मुभा दिली. ती बरोबर की चूक यावर सर्पमित्रांत मतभेद आहेत आणि माझ्या मते प्रयोग कडक नजरेखालीच चालावा. पण गाव आणि खातं एका टेबलाशी बसलं, हे महत्त्वाचं.

तासगावच्या माळासाठी असं टेबल मांडलं गेलेलं नाही. मांडायचं तर शेतकऱ्याला आठवड्याच्या आत परवानगी किंवा भरपाई, दोन्हींपैकी एक मिळाली पाहिजे; पारध्याला राखणीचा पगार मिळाला पाहिजे; आणि वनरक्षकाला रात्रीच्या गस्तीत जोडीदार, गाडी आणि फोन न उचलणारा साहेब मिळाला पाहिजे. उरलेला सगळा कडकपणा जीपवाल्या हौशी माणसासाठी आणि बाजाराच्या दलालासाठी राखून ठेवावा. आणि वाचकांना एवढंच, की मेलेल्या सशांचा किंवा तितरांचा फोटो गावच्या ग्रुपवर आला तर अंगठा दाखवू नका, पुढंही पाठवू नका. वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे, तो लावा.