शुअर एसएम५८: गायकाच्या हातातला माईक

शुअर एसएम५८ हा हातात धरून गाण्याचा डायनॅमिक माईक अमेरिकेतील शुअर ब्रदर्स या कंपनीने १९६६ साली बाजारात आणला. नावातील ‘एसएम’ ही स्टुडिओ मायक्रोफोनची आद्याक्षरे. आखणी स्टुडिओसाठी झाली होती, पण या माईकने नाव कमावले ते रंगमंचावर. परवडणारा आणि टिकाऊ माईक निवडायचा असेल, तर बाकीचे माईक आजही याच्याशीच ताडून पाहिले जातात.

त्याच्या कॅप्सूलची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या आतल्या भागाची, कथा १९३९ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी बेंजामिन बाउअर या अभियंत्याच्या रचनेवर शुअरने युनिडाइन हा माईक काढला. तोवर समोरचा आवाज घेऊन मागचा टाळायचा, तर एका माईकमध्ये दोन वेगळे घटक बसवावे लागत. बाउअरने हे काम एकाच घटकात साधले. मागून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोहोचेल अशा वाटा कॅप्सूलला ठेवल्या, की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि पडदा जवळजवळ हलत नाही. अर्न्स्ट सीलर यांनी १९५९ साली याच तत्त्वावर युनिडाइन-३ हे टोकाकडून आवाज घेणारे, सडपातळ कॅप्सूल सिद्ध केले. त्यासाठी शेकडो नमुने पाडून, फेकून, तापवून, खाऱ्या पाण्यात बुडवून निकामी होईपर्यंत तपासले गेले. एसएम५८ मध्ये बसले ते याच घराण्यातील कॅप्सूल. त्याचा टिकाऊपणा या चाचण्यांतून आलेला आहे, नुसत्या जाड धातूच्या आवरणातून नव्हे.

डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. त्या हालचालीतूनच वीज निर्माण होते, त्यामुळे बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागत नाही. बिघडण्याजोगे इलेक्ट्रॉनिक भागही आत नसतात. घाम, धूळ, दमट हवा आणि टेम्पोतला प्रवास यांत फँटम पुरवठा लागणाऱ्या कंडेन्सर माईकपेक्षा डायनॅमिक माईक अधिक तग धरतो, तो यामुळे.

एसएम५८ साधारण ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज घेतो. कागदावर ही मर्यादा किरकोळ वाटते; कितीतरी स्वस्त माईक याहून मोठे आकडे छापतात. पण नुसत्या आकड्यांवरून माईक निवडणे फसवे असते. एसएम५८ खालचे स्वर थोडे उतरवतो आणि ४,००० ते ६,००० हर्ट्झच्या आसपास किंचित उठाव देतो. व्यंजने तिथेच स्पष्ट होतात, म्हणून ढोलकी, हार्मोनियम आणि कोरस एकत्र चालू असतानाही शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचतात. भजन, कीर्तन किंवा लावणीसाठी हा गुण मोलाचा आहे.

माईक ओठांपासून दोन-चार सेंटिमीटरवर धरला, की खालचे स्वर पुन्हा भरून येतात. अंतर दुप्पट झाले, की गायकाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो; मग साउंडवाला आवाज वाढवतो आणि माईक शिट्टी मारू लागतो. जाळीभोवती मूठ आवळल्यानेही हेच होते. मागच्या वाटा बुजतात, माईक चहूकडून आवाज घेऊ लागतो, आणि दोष मात्र माईकला दिला जातो. वीतभर दूर बसून, मान हलवत गाणाऱ्या शास्त्रीय गायकाला हा माईक पातळ वाटतो. शांत सभागृहात त्याच्यासाठी चांगला कंडेन्सर घेणेच योग्य.

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा, यावरही निवड अवलंबून असते. एसएम५८ चा ग्रहणाकार कार्डिऑइड आहे, म्हणजे तो नेमका मागच्या बाजूला सर्वांत बहिरा. मॉनिटर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या दिशेला हवा. शुअरचाच बीटा ५८ए किंवा एकेजी डी५ हे सुपरकार्डिऑइड माईक बाजूचा आवाज अधिक टाळतात, पण थेट मागून काहीसा घेतात. तिथे मॉनिटर थोडे तिरके ठेवावे लागतात. सेनहायझर ई८३५ कार्डिऑइडच आहे, तर बेरिंजर एक्सएम८५०० त्याहून बराच स्वस्त. शिकाऊ मंडळाने बेरिंजरने सुरुवात करण्यात काही वावगे नाही. आपल्याकडे मंडपांत आणि देवळांत अहुजाचे माईक सर्रास दिसतात. घोषणा आणि भाषणांना ते पुरतात. गाण्यासाठी मात्र तेच मॉडेल स्वतः गाऊन पाहावे.

कोणताही माईक घेताना तीन पिनांचा एक्सएलआर सॉकेट असावा आणि केबल मिक्सरपर्यंत बॅलन्स्डच असावी. जनरेटर आणि दिव्यांच्या तारांजवळून जाड जॅकची साधी केबल नेली, तर घुरघुर ठरलेलीच. बटण नसलेला माईक बरा: बटण हा झिजणारा भाग, शिवाय ऐन अभंगात चुकून दाबले जाते. एसएम५८ च्या हुबेहूब नकला भरपूर मिळतात. खरा माईक सुमारे ३०० ग्रॅमचा असतो. हाताला हलका लागला तर शंका घ्यावी, आणि खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलासह करावी.

दणका बसला, की जाळी चेपते आणि आतले कॅप्सूल वाचते. जाळी फिरवून काढता येते, नवी मिळते. कॅप्सूलही बदलता येते. जाळी आतल्या फोमसह सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. कॅप्सूलला पाणी लावू नये. माईक उघडा असताना लोखंडाच्या किसाजवळ ठेवू नये. चुंबक तो ओढून घेतो आणि वेटोळ्याची हालचाल अडखळते.