अंगणात घडलेलं वाण

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हापासून चर्चा फिरतेय ती नोंदणी, क्यूआर कोड आणि दंडाच्या रकमेभोवती. बोगस बियाण्याने हंगामच्या हंगाम गमावलेल्या आपल्या राज्यात ते साहजिक आहे. पण दोन्ही बाजूंनी बोलणारे एक गोष्ट गृहीत धरून चालतात: वाण तयार करणारा वेगळा आणि ते पेरणारा वेगळा. एक प्रयोगशाळेत, दुसरा बांधावर. गेल्या वीस वर्षांत हे गृहीतक टोमॅटोच्या एका पिकात साफ खोटं ठरलं आहे. तेही सरकारी अनुदान आणि कंपनीचा पैसा यांच्याशिवाय.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या रॅली शहरात क्रेग लेहुलियर नावाचे एक गृहस्थ राहत होते. शिक्षण रसायनशास्त्राचं, डॉक्टरेटपर्यंत. नोकरी औषध कंपनीत. वेड टोमॅटोचं. जुनी, घराघरांतून जपलेली वाणं गोळा करायची, लावायची, पुन्हा वाटायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. १९९० मध्ये टेनेसी राज्यातून त्यांना पोस्टाने एक पाकीट आलं. आत बी होतं आणि सोबत मजकूर होता की हा जांभळा टोमॅटो चेरोकी या मूळनिवासी लोकांकडून आलेला आहे. लेहुलियर यांनी तो लावला, चाखला आणि त्याला ‘चेरोकी पर्पल’ हे नाव दिलं. आज जगभरच्या बागांमध्ये तो आहे. पोस्टातून आलेल्या एका पाकिटाची ही ताकद त्यांनी स्वतः पाहिली होती, म्हणूनच पुढचं सगळं घडलं असं मला वाटतं.

अडचण मात्र अगदी घरगुती होती. मागच्या अंगणात झाडांची सावली वाढली, ऊन उरलं फक्त घरासमोर गाडी लावायच्या जागेत. टोमॅटो कुंडीत आले. चवीला उत्तम असलेली जुनी वाणं बहुतेक वेलासारखी वाढणारी, सात-आठ फुटांपर्यंत सहज जाणारी. कुंडीत त्यांना आधार देता देता माणूस थकतो. ठेंगणी वाणं जुन्या बियाणे-सूचिपत्रांत होती, पण मोजकी. रंगांत विविधता नव्हती आणि चवीचं कौतुक करावं अशी त्याहून कमी. २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांच्याशी त्यांचं या विषयावर बोलणं सुरू झालं. मोठ्या टोमॅटोची चव आणि बुटक्या झाडाची ठेवण एकत्र का आणू नये? पॅट्रिनांनी आपल्या बागेत पहिले संकर केले. तिथून ‘ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट’ उभा राहिला.

इथे एक खुलासा हवा, कारण आपल्याकडे बुटकं आणि झुडुपी यांची सरमिसळ होते. झुडुपी टोमॅटो ठरावीक उंचीला थांबतो, फळं एकदम देतो आणि संपतो. कारखान्याला आणि एकदाच तोडणी करणाऱ्याला तो सोयीचा. पण पानं कमी आणि फळं जास्त असल्यामुळे गोडव्याला बहुधा मार बसतो. खरा बुटका टोमॅटो थांबत नाही, तो हळू वाढतो. खोड जाड, पानं गर्द हिरवी आणि सुरकुतलेली, दोन पेरांमधलं अंतर तोकडं. हंगामाअखेरीस तीन-चार फूट होतो आणि तोवर फळं देतच राहतो. ब्रॅसिनोस्टेरॉइड नावाचं वाढीचं संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकातला बिघाड यामागे असतो. हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो.

ज्यांना शाळेतला मेंडेल आठवत असेल त्यांच्या लक्षात येईल की हा तोच हिशेब आहे. १८६६ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांची मोजणी आहे: १,०६४ झाडांत ७८७ उंच आणि २७७ बुटकी, साधारण तीनास एक. टोमॅटोतही तसंच. उंच आणि बुटक्याच्या संकरातून आलेली पहिली पिढी सरसकट उंच. त्या झाडांचं बी पुन्हा पेरलं की चारातलं एक रोप बुटकं निघतं. हे रोप रोपवाटिकेच्या ट्रेमध्येच ओळखू येतं, आणि याच एका सोयीवर हा सगळा उद्योग उभा आहे. ज्याच्याकडे फक्त दहा कुंड्यांची जागा आहे तोसुद्धा चाळीस-पन्नास रोपं उगवून त्यातली सुरकुतल्या पानांची तेवढी ठेवू शकतो. एकर-दोन एकरांची गरजच उरत नाही.

संकर करणं म्हणजे काय, हे मी गेल्या वर्षी घरच्या गॅलरीत करून पाहिलं. आठवडी बाजारातून आणलेल्या गावठी, पन्हाळी पडलेल्या आंबट टोमॅटोचं बी एका कुंडीत, आणि दुसऱ्या कुंडीत नर्सरीतून आणलेलं वीतभर उंचीचं शोभेचं रोप. फूल उमलायच्या आदल्या दिवशी गाठावं लागतं. पाकळ्या तेव्हा फिक्या, अजून मिटलेल्या असतात. त्या अलगद मागे सारल्या की मधोमध पुंकेसरांचा पिवळट-हिरवा शंकू दिसतो. भुवया कोरायच्या चिमट्याने तो मुळाशी धरून उपसायचा. आत उरते एक हिरवी काडी, टोकाला टाचणीच्या माथ्याएवढा ओलसर ठिपका. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, म्हणून हा शंकू काढला नाही तर सगळं मुसळ केरात. मग दुसऱ्या झाडाचं उमललेलं फूल काळ्या कागदावर टिचकीने हलवायचं, पांढुरकी धूळ पडते ती बोटाच्या टोकावर घेऊन त्या ठिपक्याला लावायची. देठाला रंगीत दोरा बांधायचा. माझी पहिली चार फुलं गळून गेली. पाचव्याच्या जागी आठवड्याभरात मोहरीएवढी हिरवी गाठ दिसली. ती रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पाहत होतो.

एवढं केलं म्हणजे वाण झालं असं नाही. संकरानंतरच्या पिढ्यांमध्ये गुण विखुरतात. रंग, आकार, चव, पानांची ठेवण, काहीही निघतं. झाड स्वतःच्याच परागांनी फळत राहिलं की ही चंचलता दर पिढीत निम्मी होते. आठव्या पिढीला एक टक्क्याहूनही कमी उरते आणि वाण ‘बसलं’ असं म्हणता येतं. थंड मुलखात वर्षाला एकच हंगाम, म्हणजे सात-आठ वर्षं. लेहुलियर आणि पॅट्रिना यांनी पृथ्वीच्या दोन टोकांचा उपयोग करून घेतला. उत्तरेचा उन्हाळा संपला की निवडलेलं बी दक्षिणेला पाठवायचं, तिथला उन्हाळा संपला की परत. वर्षाला दोन पिढ्या. २०१० च्या आसपास पहिली वाणं लोकांच्या हाती आली, ती या पोस्टाच्या पाकिटांमुळे.

आजवर दीडशेच्या वर वाणं या प्रकल्पातून निघाली आहेत आणि ती करणारी शेकडो माणसं हौशी आहेत. एकाला संकराचं बी मिळतं, तो पेरतो, बुटकी रोपं ठेवतो, फळ चाखतो, आवडलेल्या झाडाचं बी काढून नोंदीसह पुढच्याकडे देतो. प्रत्येक संकराच्या घराण्याला हिमगौरीच्या सात बुटक्यांच्या धर्तीवर टोपणनाव दिलेलं असतं, आणि त्यातून निघालेल्या पक्क्या वाणाच्या नावात अनेकदा एखाद्या मुलखाची खूण. रोझेला पर्पल हे नाव ऑस्ट्रेलियन पोपटावरून, उलुरू ओकर तिथल्या तांबड्या महाखडकावरून, इडिटारॉड रेड अलास्कातल्या कुत्रागाड्यांच्या शर्यतीवरून. पर्थ प्राइड, टास्मानियन चॉकलेट, ॲडलेड फेस्टिव्हल अशी ही यादी वाचली तरी बी कुठे कुठे फिरलं ते कळतं.

निवडीची मुख्य कसोटी मात्र ठरलेली होती: चव. माझ्या मते या प्रकल्पाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. बाजारासाठी टोमॅटोची पैदास करताना चव विचारलीच गेली नाही, आणि त्याचा पुरावा विज्ञानानेच दिला. टोमॅटो एकसारखा, देठापासून टोकापर्यंत समान पिकावा म्हणून पैदासकारांनी विसाव्या शतकात एक बदललेला जनुक सर्रास वापरला. कच्च्या फळाच्या खांद्यावरचा गडद हिरवा पट्टा त्यामुळे गेला, खोक्यातला माल देखणा झाला. २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या ॲन पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या हिरव्या खांद्यातच साखर तयार करणारी जादा हरितलवकं असतात. देखणेपणाच्या नादात गोडवा हातचा गेला होता.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट उतरताना पाहिलं की हे पटकन समजतं. शेतकरी टणक, जाड सालीचं फळ लावतो कारण त्याला ते दूरच्या मंडईपर्यंत फुटू न देता पोचवायचं असतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बांबू, तार, सुतळी, औषधं यांवर खर्च करून बसलेला माणूस चवीच्या परीक्षा घेऊ शकत नाही. हेही सांगायला हवं की या बुटक्या वाणांची पैदास रोगप्रतिकारासाठी झालेली नाही. आपल्याकडच्या पर्णगुच्छ विषाणूपुढे ती शेतात टिकतील असं कोणी गृहीत धरू नये. पण म्हणूनच चवीची राखण गच्चीवाल्यांनी, परसवाल्यांनी करावी असं मला फार वाटतं. माझी आजी टोमॅटोला बेलवांगी म्हणायची, विदर्भातले नातलग भेदरं म्हणतात. त्या शब्दांसोबत एक चवही होती. ती कुठल्याच सूचिपत्रात सापडत नाही.

आता मालकीचा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

या प्रकल्पातली बहुतेक वाणं अमेरिकेतल्या ‘ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह’च्या प्रतिज्ञेखाली दिलेली आहेत. ही संस्था २०१२ मध्ये सुरू झाली, पहिली वाणं २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जाहीर झाली. प्रतिज्ञा साधी आहे. हे बी पेरा, वाटा, विका, त्यातून नवं वाण काढा. अट एवढीच, की तुम्ही पेटंट वा अन्य मार्गाने दुसऱ्याला तसं करण्यापासून अडवणार नाही, आणि ही अट बियाण्यासोबत पुढेही देत राहाल. जर्मनीत २०१७ मध्ये गटिंगेन विद्यापीठातल्या ‘सुनविवा’ या पिवळ्या चेरी टोमॅटोला याच विचाराचा, पण करारासारखा बांधणारा परवाना दिला गेला. छोट्या बियाणे कंपन्या ही वाणं विकतात, पैसे मिळवतात. त्याला कोणाची हरकत नाही. कुंपण घालायला तेवढी बंदी आहे.

हे वाचताना मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव आठवतं. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल-३’ भाताच्या शेतात वेगळ्याच तीन लोंब्या पाहिल्या. त्या तोडून जपल्या, पुढची काही वर्षं थोडं थोडं पेरत, निवडत नेलं. तांदूळ बारीक आणि चवदार निघाला. त्या काळी मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. दादाजींनी बी मागेल त्याला दिलं. वाण राज्याबाहेरही पसरलं. पुढे त्याचं शुद्धीकरण होऊन ते अधिकृत नावाने बाहेर आलं आणि ज्याच्या ओंजळीतून ते निघालं तो माणूस श्रेयासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिला. नंतर काढलेल्या एका वाणाला त्यांनी आपल्याच नावाची आद्याक्षरं दिली: डीआरके. जून २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या बियाण्यासोबत एका ओळीची अशी प्रतिज्ञा गेली असती तर पैसा आला असताच असं मी म्हणणार नाही. पण नाव पुसलं गेलं नसतं.

आपला २००१ चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी जपण्याचा, देण्याघेण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क देतो. ब्रँडचं नाव लावून मात्र नाही. शेतकऱ्यांना स्वतःचं वाण नोंदवण्याची सोयही त्यात आहे. ही जगातल्या चांगल्या तरतुदींपैकी एक आहे. नव्या विधेयकाच्या मसुद्यातही शेतकऱ्याचा हा हक्क ठेवलेला आहे. पण गॅलरीत संकर करणारी शिक्षिका, पोस्टाने बी पाठवणारा निवृत्त कारकून, शाळेच्या परसात निवड करणारी मुलं कायद्याच्या भाषेत कोण? शेतकरी की विक्रेते? त्यांना एका वाक्याचं का होईना, स्पष्ट संरक्षण मिळावं आणि खुल्या बियाण्याची प्रतिज्ञा या देशातही कायद्याला मान्य असावी, अशी माझी मागणी आहे.

दोरा बांधलेल्या त्या फळातून सत्तावीस बिया निघाल्या होत्या. पावसाळ्यात त्यातली तीन झाडं वाढवली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे तिन्ही उंच झाली, ग्रिलच्या वरपर्यंत गेली. त्यांचं बी दिवाळीनंतर ट्रेमध्ये टाकलं. बेचाळीस रोपं उगवली. काल सकाळी तिसरं पान फुटल्यावर भिंग घेऊन बसलो तेव्हा नऊ रोपांची पानं गडद आणि चुरगळलेली दिसली. आणखी दोघांबद्दल अजून खात्री नाही. अकराही कुंड्यांवर पेन्सिलीने आकडे टाकून ठेवलेत.