सागरतळाची ओळख (भाग ६) : मालवणच्या खडपांवरील प्रवाळ

मालवण बंदरासमोर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीने, समुद्रात खडपे पसरलेली आहेत. काही ओहोटीला उघडी पडतात, काही कायम पाण्याखाली असतात. या खडपांवर प्रवाळ वाढतात आणि स्नॉर्केलिंगसाठी येणाऱ्या पर्यटकांच्या होड्याही याच भागात थांबतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, तेव्हा या खडपांचा उपयोग संरक्षणासाठी होता. वाट माहीत नसलेले गलबत त्यांच्यावर आपटे. १९८७ साली हा परिसर मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौ. किमी. असून त्यातील सुमारे ३ चौ. किमी. गाभा क्षेत्र आहे. स्थानिक मच्छीमारांचा या घोषणेला विरोध राहिला आहे. ज्या पाण्यावर पोट चालते त्यावर बंधने आली की तसे होणारच.

मागील भागात लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांचा विचार झाला. तिथे बेटच प्रवाळांनी रचलेले असते. मालवणला तसे नाही. येथे खडक आधीपासूनचा आहे आणि प्रवाळांनी त्यावर जागा धरली आहे, तीही तुकड्यातुकड्यांनी. पोराइट्स, फॅविटिस, टर्बिनॅरिया या प्रजातींच्या गोलसर किंवा खडकाला चिकटून पसरणाऱ्या वसाहती येथे आढळतात. माहितीपटांत दिसणारी शिंगांसारख्या फांद्यांची रंगीत जंगले डोळ्यांसमोर ठेवून आलेला पर्यटक हिरमुसतो. त्याला खाली तपकिरी, करड्या, हिरवट गाठी दिसतात आणि गाइडने बोट दाखवेपर्यंत तो त्यांना दगडच समजतो.

जवळून पाहिल्यास त्या गाठीवर बारीक खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एक मऊ शरीराचा, तोंडाभोवती शुंडके असलेला जीव राहतो. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल असते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. तपकिरी रंगही त्या शैवालाचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मालवणच्या प्रवाळांतही असे विरंजन नोंदले गेले आहे. शिवाय येथे गाळाचा जाच आहे. पावसाळ्यात कर्ली नदी आणि आसपासच्या खाड्या लाल माती समुद्रात आणतात, प्रकाश अडतो आणि गाळ वसाहतींवर बसतो. प्रवाळ चिकट स्राव सोडून तो झटकतात. पण त्यात त्यांची शक्ती खर्च होते. येथे टिकले आहेत ते अशा गढूळ पाण्याला सरावलेले, चिवट प्रकार.

पर्यटकाला काय दिसणार, हेही या पाण्याच्या निवळपणावरच ठरते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. ऑक्टोबरात पाणी पुरते निवळलेले नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यातही सकाळ चांगली, कारण पहाटेपासून जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळ पाणी सपाट राहते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि तळचा गाळ ढवळला जातो.

भरती-ओहोटीचा हिशोब फार कमी पर्यटक करतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाण्याची चढउतार मोठी, प्रवाह जोरदार आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, प्रवाह मंदावतात आणि गाळ खाली बसतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा कोकणातला जुना आडाखा आहे. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. मालवणला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेवढा फरक धरावा. म्हणजे दशमी-एकादशीच्या सकाळी भरतीचे स्वच्छ पाणी, मंद प्रवाह आणि मतलई वारा तिन्ही जुळून येतात. सुट्टी शनिवार-रविवार पाहून ठरते, पंचांग पाहून नाही. त्याला इलाज नाही.

साधने थोडीच लागतात. उघड्या डोळ्यांना पाण्यात अंधुक दिसते, कारण डोळ्याची रचना समोर हवा असल्याचे गृहीत धरून झालेली आहे. मास्क डोळ्यांपुढे हवेचा कप्पा ठेवतो. त्यातून वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ भासतात, म्हणून परतल्यावर सांगितले जाणारे माशांचे आकार थोडे कमी करून ऐकावेत. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून काच विसळतात. किळस वाटली तरी उपाय नामी आहे. मिशा असल्यास मास्कची रबरी कड नीट बसत नाही आणि पाणी झिरपते. श्वासाची नळी साधारण ४० सें.मी.पेक्षा लांब नसते. त्याहून खोल गेल्यास पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही, आणि लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा पुन्हा आत ओढली जाते.

मालवणला बहुतेक पर्यटकांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून, ट्यूब धरून, चेहरा पाण्यात ठेवून तरंगायचे आणि गाइड ओढत नेईल तिकडे जायचे, अशी पद्धत आहे. तोंडाने सावकाश श्वास घेण्याचा सराव होडीजवळ दोन मिनिटे केला, तर पुढची घाबरगुंडी टळते. नळीत पाणी शिरल्यास जोरात फुंकर मारून ते बाहेर काढता येते. घाबरलेला माणूस मात्र आधी पाय खाली टेकवायला पाहतो, आणि उथळ जागी त्या पायाखाली प्रवाळ येतो. गोल वसाहती वर्षाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी वाढतात. टाचेने निघालेला पापुद्रा भरून यायला वर्षे लागतात. पर्यटकाचे नुकसान लगेच होते, कारण प्रवाळाची कड धारदार असते आणि अशा जखमा चिघळतात.

काळे-पिवळसर पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे माणसाभोवती घोळका करतात, तो पाव-बिस्किटांच्या सवयीमुळे. फोटो छान येतो, पण खडकावरचे शैवाल व प्लवक खाणाऱ्या माशांना मैद्याची चटक लावणे योग्य नाही. फुलपाखरू मासे आणि पोपट मासे या गर्दीपासून दूर असतात; ते पाहायचे तर एका जागी स्थिर तरंगावे लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. ते तोडणे किंवा त्यांचा तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा ठरतो.