मायक्रोकंट्रोलरसाठी पायथन : अंगभूत लायब्ररींचे स्वरूप, मर्यादा आणि अध्यापन

सारांश

मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्रामिंग दीर्घकाळ असेंब्ली व सी या भाषांतून होत आले आहे. २०१४ पासून उपलब्ध झालेल्या मायक्रोपायथनमुळे तेच काम पायथनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत करता येऊ लागले. या सुलभतेचा आधार म्हणजे बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच समाविष्ट असलेल्या अंगभूत लायब्ररी होत. प्रस्तुत लेखात त्यांचे स्वरूप आणि मर्यादा पर्जन्यमापकाच्या उदाहरणाने स्पष्ट केल्या आहेत. लायब्ररी आपले श्रम वाचवते, त्याचबरोबर आपल्या वतीने काही निर्णयही घेते. ते निर्णय ठाऊक असल्याखेरीज मिळालेली नोंद विश्वसनीय मानता येत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, मायक्रोपायथन, अंगभूत लायब्ररी, पर्जन्यमापन, प्रयोगशाळा अध्यापन.

प्रस्तावना

आपल्याकडील विज्ञान व अभियांत्रिकी शाखांच्या अनेक पिढ्यांनी मायक्रोकंट्रोलरचा पहिला परिचय ८०५१ या चिपद्वारे करून घेतला. १९८० साली आलेल्या या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट आणि चल माहितीसाठी केवळ १२८ बाइट इतकीच अंतर्गत मेमरी होती. त्यामुळे प्रत्येक रजिस्टरचा आणि प्रत्येक बिटचा हिशेब विद्यार्थ्याला स्वतः ठेवावा लागे. हे शिक्षण कष्टाचे होते, परंतु यंत्रात काय घडते आहे हे त्यातून नेमके कळत असे.

आज परिस्थिती पालटली आहे. भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राचा प्राध्यापकही आता विद्यार्थ्यांकडून तापमान, आर्द्रता वा पाऊस मोजणारे उपकरण करवून घेऊ शकतो. मात्र यंत्र आणि विद्यार्थी यांच्यामध्ये आता लायब्ररीचा एक जाड थर आला आहे. त्या थरात काय दडले आहे, याचा विचार सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांनी करणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरात या विषयाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था होय. तेथील ई-यंत्र प्रकल्पाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य केले. या प्रकल्पातून परिचित झालेल्या फायरबर्ड-५ या रोबोमध्ये एटीमेगा २५६० हा मायक्रोकंट्रोलर आहे. त्यात प्रोग्रामसाठी २५६ किलोबाइट जागा असली, तरी चल माहितीसाठी ८ किलोबाइटच आहेत. अशा यंत्रावर सी भाषा हा स्वाभाविक पर्याय ठरतो.

त्याच संस्थेतील फॉसी प्रकल्पाने दुसरा मार्ग दाखवला. सायलॅबमधून आर्दुइनो बोर्ड चालवण्यासाठी त्याने साधनपेटी उपलब्ध करून दिली. येथे सायलॅबची भाषा संगणकावर चालते आणि बोर्डावर केवळ आदेश पाळणारा लहानसा प्रोग्राम असतो. शिकण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. तथापि संगणकाची तार काढली की बोर्ड मूक होतो.

तिसरा मार्ग म्हणजे स्क्रिप्टिंग भाषाच चिपवर नेणे. केंब्रिज येथे संशोधन करणारे ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये इंटरनेटवरील लोकवर्गणीतून निधी उभारला आणि मायक्रोपायथन व त्यासाठीचा पायबोर्ड सिद्ध केला. पायबोर्डवरील चिपमध्ये १ मेगाबाइट फ्लॅश आणि १९२ किलोबाइट रॅम होती. २०१७ मध्ये अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने त्यातूनच सर्किटपायथन ही शाखा काढली. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डात २६४ किलोबाइट रॅम आणि २ मेगाबाइट फ्लॅश असल्याने ही भाषा सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यात आली.

‘अंगभूत’ म्हणजे काय?

संगणकावरील पायथनमध्ये हवी ती लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेता येते. मायक्रोकंट्रोलरवर जागा मोजकी असल्याने लायब्ररींचे तीन स्तर मानणे सोयीचे ठरते.

पहिला स्तर सी भाषेत लिहून फर्मवेअरमध्ये बांधलेल्या मॉड्यूलांचा आहे. ‘मशीन’, ‘टाइम’, ‘जेसन’, ‘मॅथ’ ही त्याची उदाहरणे होत. दुसरा स्तर ‘गोठवलेल्या’ मॉड्यूलांचा. ही पायथनमध्ये लिहिलेली असतात, परंतु आधीच बाइटकोडमध्ये रूपांतरित करून फ्लॅशमध्ये ठेवलेली असल्याने रॅमची बचत होते. तिसरा स्तर विद्यार्थ्याने स्वतः बोर्डावर चढवलेल्या फाइलींचा. पहिले दोन स्तर अंगभूत होत. प्रयोगशाळेतील इंटरनेट बंद असले तरी ते हाताशी असतात.

यापैकी ‘मशीन’ हे मॉड्यूल केंद्रस्थानी आहे. पिनवरील संकेत वाचणे, अ‍ॅनालॉग व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणे, मोटारीचा वेग बदलणे, आय-टू-सी व एसपीआय मार्गांनी संवेदकांशी बोलणे आणि प्रोग्राम अडकल्यास वॉचडॉगद्वारे बोर्ड पुन्हा सुरू करणे, ही सर्व कामे त्यातून होतात. कोणत्या बोर्डात कोणती मॉड्यूले आहेत हे ‘हेल्प’ या फलनाला ‘मॉड्यूल्स’ हा शब्द दिल्यास पडद्यावर दिसते. वायफाय नसलेल्या मूळ पिकोच्या अधिकृत फर्मवेअरमध्ये ‘नेटवर्क’ मॉड्यूल नसते, तर पिको डब्ल्यूमध्ये असते. सर्किटपायथनमध्ये तर ‘मशीन’ऐवजी ‘बोर्ड’, ‘डिजिटलआयओ’, ‘अ‍ॅनालॉगआयओ’ अशी निराळीच रचना आहे. भाषा एकच असली तरी लायब्ररी बदलली की प्रयोगही बदलतो.

उदाहरण : महाविद्यालयाच्या गच्चीवरील पर्जन्यमापक

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांच्या पर्जन्यदिनात सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्यात ती सुमारे ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरातील ही तफावत पाहता अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथे स्वतंत्र मापन का हवे, हे निराळे सांगावयास नको. त्या घटनेनंतर महानगरपालिकेने स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे उभारले. महाविद्यालयांनीही आपापल्या गच्चीवर उपकरण बसवल्यास तो एक उत्तम आंतरविद्याशाखीय प्रकल्प होईल.

या उपकरणात अक्षावर डोलणाऱ्या दोन वाट्या असतात. ठरावीक पाणी साचले की वाटी कलते आणि चुंबकामुळे एक स्विच क्षणभर मिटतो. एका कलण्यास ०.२ मिलिमीटर पाऊस मानल्यास ९४४ मिलिमीटरसाठी ४,७२० वेळा वाटी कलेल. पिनवर ‘इंटरप्ट’ बसवून ही संख्या मोजणे, ‘टाइम’द्वारे वेळ घेणे आणि ‘जेसन’द्वारे नोंद साठवणे, इतकाच हा प्रोग्राम. तो वीस-पंचवीस ओळींत मावतो. खरे प्रश्न येथूनच सुरू होतात.

लायब्ररीने घेतलेले निर्णय

पहिला निर्णय अचूकतेचा. अ‍ॅनालॉग वाचन ० ते ६५,५३५ या पट्टीत मिळते. वस्तुतः पिकोचा परिवर्तक १२ बिटचा, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांचा आहे. निरनिराळ्या बोर्डांवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून लायब्ररी ती संख्या १६ बिटांत ताणून देते. बॅटरीचे व्होल्टेज पाच अंकांत नोंदवणारा विद्यार्थी अस्तित्वात नसलेली अचूकता नोंदवत असतो.

दुसरा निर्णय कालारंभाचा. काही बोर्डांवर सेकंदांची गणना १ जानेवारी १९७० पासून, तर काहींवर १ जानेवारी २००० पासून होते. दोन महाविद्यालयांच्या नोंदी तशाच एकत्र केल्यास ९४,६६,८४,८०० सेकंदांचा फरक पडेल. शिवाय ‘एनटीपीटाइम’ मॉड्यूल जागतिक प्रमाणवेळ देते. त्यानुसार मुंबईत पहाटे २ वाजता पडलेला पाऊस आदल्या दिवशी रात्री ८.३० चा ठरतो. भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी ८.३० ला बदलतो, हे ध्यानात घेता ही बाब गौण नाही.

तिसरा निर्णय दशांश संख्यांचा. पिकोसह अनेक बोर्डांवर त्या ३२ बिटांत साठवल्या जातात. भारतीय वेळ मिळवण्यासाठी विद्यार्थी सहजपणे साडेपाच गुणिले ३,६०० ही संख्या सेकंदांत मिळवतो. साडेपाच हा अपूर्णांक असल्याने उत्तरही दशांश प्रकारचे होते. १९७० पासूनच्या गणनेत सध्याची सेकंदसंख्या इतकी मोठी आहे की अशा स्वरूपात ती १२८ सेकंदांच्या टप्प्यांनीच बदलते. त्यामुळे मुसळधार सरीची मिनिटागणिक नोंद निरर्थक होते. उपाय अगदी सोपा आहे. १९,८०० ही पूर्ण संख्या मिळवावी.

चौथा निर्णय सर्वांत फसवा. स्विच मिटताना क्षणभर थरथरतो, म्हणून ५० मिलिसेकंदांच्या आतील दुसरा संकेत वगळण्याची पद्धत आहे. त्यासाठी वापरला जाणारा मिलिसेकंदांचा गणक बहुतेक बोर्डांवर सुमारे १२ दिवस १० तासांनी पुन्हा शून्यावर येतो. दोन वेळांतील अंतर काढणारे अंगभूत फलन त्याच्या निम्म्या कालावधीपर्यंतच, म्हणजे सुमारे ६ दिवस ५ तास, योग्य उत्तर देते. पुढे उत्तर ऋण येते. श्रावणात पावसाने आठवडाभर उघडीप दिली आणि नंतर सर आली, तर ‘५० पेक्षा कमी’ ही अट पूर्ण होऊन खरा पाऊस थरथर म्हणून वगळला जाईल. मागील वेळ केवळ स्वीकारलेल्या संकेतालाच बदलत असेल, तर उघडीप सुरू झाल्यापासून बारा दिवस पूर्ण होईपर्यंत उपकरण कोरडेच राहील, आणि पडद्यावर त्रुटीचा एकही संदेश दिसणार नाही. अंतर शून्य ते ५० यांच्या दरम्यान असेल तरच संकेत वगळावा, अशी अट लिहिल्यास हा दोष टळतो.

अध्यापनासाठी सूचना

१. पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना अंगभूत मॉड्यूलांची यादी काढून प्रयोगवहीत लिहावयास सांगावे. सोबत फर्मवेअरची आवृत्तीही नोंदवावी. आवृत्ती १.२१ मध्ये अनेक मॉड्यूलांच्या नावांतील ‘यू’ हे आद्याक्षर वगळले गेले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील नावे निराळी दिसतात.

२. ‘टाइम’, ‘जेसन’ अशा नावांनी स्वतःच्या फाइली ठेवू नयेत. अंगभूत मॉड्यूलाऐवजी तीच फाइल उचलली जाण्याचा संभव असतो.

३. इंटरप्टच्या फलनात केवळ संख्या वाढवावी. नोंद लिहिण्याचे काम मुख्य प्रोग्रामकडे असावे, कारण काटेकोर प्रकारच्या इंटरप्टमध्ये नवी मेमरी घेण्यास मुभा नसते.

४. प्रत्येक उपकरणाची पडताळणी मोजपात्राने ज्ञात पाणी ओतून करावी, आणि ती दीर्घ खंडानंतर पुन्हा करावी.

समारोप

अंगभूत लायब्ररींनी मायक्रोकंट्रोलरचे दार सर्व विद्याशाखांना खुले केले, हे त्यांचे मोठे योगदान होय. ८०५१ च्या काळातील कष्ट पुन्हा विद्यार्थ्यांवर लादण्याचे कारण नाही. परंतु त्या कष्टांतून लाभणारी जाण टिकवावयाची असेल, तर लायब्ररी हाही अभ्यासाचा विषय मानला पाहिजे. गच्चीवरील पर्जन्यमापकाने ‘शून्य मिलिमीटर’ अशी नोंद दिली, तेव्हा पाऊस पडला नाही की मोजला गेला नाही, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडवणे हे अध्यापकाचे कार्य आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लायब्ररीच्या आत डोकावण्याची सवय त्याला प्रयोगशाळेतच लागावयास हवी.